पुटअप झालीय

सातबाऱ्याचं संगणकीकरण झालं तेव्हा आमच्या आजोबांच्या नावातला अर्धा ठ गळाला. विठ्ठलचे विठल झाले. जमीन जागेवर, विहीर जागेवर, बांधावरचं भांडण तर अगदीच जागेवर; बेपत्ता फक्त अर्धा ठ. असा लेखनप्रमाद जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्त होतो, आदेश तहसीलदार काढतात, असं कळल्यावर मी अर्ज टाकला. "नाव सातबाऱ्यावर आहे तसंच लिहा हं, विठल," बारनिशीतल्या, म्हणजे आवक कागद नोंदवणाऱ्या, बाईंनी बजावलं, "नाहीतर जुळत नाही." चुकीचं नाव लिहून, ते चुकीचं आहे असं कळवून, मी पोच घेतली.

पुढच्या खेपेला फाईल सांभाळणारे कारकून, भाऊसाहेब, म्हणाले, "पुटअप झालीय."

म्हणजे फाईल वरच्या साहेबांपुढे ठेवलीय. मराठीत याला चांगला शब्द आहे, सादर. टिपणीच्या तळाशी तो असतोही: 'आदेशार्थ सादर', 'माहितीस्तव सादर'. महाराष्ट्र झाला त्याच वर्षी, १९६० साली, भाषा संचालनालय निघालं, त्यांनी कचेरीतल्या शब्दांचे कोशही काढले. पण कचेरीने वाटणी केलीय: कागदावर सादर, तोंडात पुटअप. कारण सादर म्हटलं की कोणी केलं, कधी केलं, हे विचारता येतं. पुटअपला कर्ता लागत नाही. पाऊस पडतो तसं ते आपोआप होतं.

इंग्रजांकडे तर या क्रियापदाला काही धरबंधच नाही. छत्री उघडली, पुट अप. भाडं वाढवलं, पुट अप. केस वर बांधले तरी पुट अप, निवडणुकीला माणूस उभा केला तरी पुट अप. मुठी पुट अप कर म्हणजे लढायला तयार हो. पण जुन्या इंग्रजीत तलवार पुट अप कर म्हणजे म्यान कर. १६११च्या इंग्रजी बायबलात येशू पेत्राला तेच सांगतो. लढाईला आणि तहाला एकच शब्द वापरणाऱ्यांनी जगावर राज्य केलं, यात नवल ते काय!

पाहुण्याला रात्रीपुरती जागा देणं हेही पुट अप, आणि मागे 'विथ' लावलं की सहन करणं. कचेरीच्या कामाला गेलो की मी उतरतो आत्याकडे. आत्या मला पुट अप करते, आतोबा पुट अप विथ करतात.

पण मला खरा पटला तो अमेरिकेतल्या स्वयंपाकघरातला अर्थ. तिकडे हंगामात पीच, टोमॅटो, काकड्या काचेच्या बरण्यांत हवाबंद करून वर्षाची बेगमी करतात, त्यालाही पुट अप म्हणतात. माझी फाईल नेमकी याच अर्थाने पुटअप झाली होती. मी डोळ्यांनी पाहिली की! अव्वल कारकुनांच्या मागे लोखंडी कपाट, कपाटावर लाल रुमालात बांधलेला गठ्ठा, आणि गाठीखालून डोकावणारा माझ्या अर्जावरचा कोर्ट फी स्टॅम्प. हात पोचला असता तर मीच तिला खाली घेतली असती.

ती एकदा वर गेली होती, हेही सांगायला हवं. नायब तहसीलदारांकडून थेट रावसाहेबांकडे, म्हणजे तहसीलदारांकडे. रावसाहेबांनी समासात दोन शब्द लिहिले: 'चर्चा करा.' चर्चा कशावर? अर्ध्या ठवर. चर्चेला तलाठ्याचा अहवाल हवा. अहवाल मागवायला पत्र हवं. पत्राचा मसुदा तयार झाला आणि तो... बरोबर, पुटअप झाला. मूळ फाईल मसुद्याची वाट बघत खाली आली आणि कपाटावर चढली.

आतोबा सेवानिवृत्त, पेपर जाहिरातींसकट वाचणारे. मी लवकर घरी जावं या उदात्त हेतूने त्यांनी मला दप्तर दिरंगाई कायदा काढून दिला. कागदोपत्री तो २००५चा, अंमल १ जुलै २००६ पासून. नाव इतकं लांब की पाठ करेपर्यंत एखाद्याची बदली व्हावी. पण दहाव्या कलमात स्पष्ट आहे: कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाईल सर्वसाधारणपणे कामकाजाचे सात दिवस, त्याहून जास्त पडून राहता कामा नये. तातडीच्या फायलींना त्याहून कमी. मी त्याची झेरॉक्स भाऊसाहेबांसमोर ठेवली. जरा छाती काढूनच ठेवली.

त्यांनी चष्मा लावून कलम शेवटपर्यंत वाचलं. मान डोलावली.

"बरोबर आहे तुमचं. असं राहायला नको."

"मग?"

"मग काय, तसा एक अर्ज द्या. ही झेरॉक्स जोडा. स्टॅम्प लावून आणा."

"आणि पुढे?"

"काळजी करू नका हो," भाऊसाहेब कपाटाकडे बघत म्हणाले, "आजच पुटअप करतो."