हा फॉरवर्ड ऑफसाइड आहे

एखादा मोठा फुटबॉल मॅनेजर क्लब सोडतोय अशी बातमी आली की पुण्यातल्या ग्रुपांवर त्याच रात्री एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे, मजकूर तोच: "फर्ग्युसन गेला, युनायटेड संपलं. वेंगर गेला, आर्सेनल संपलं. क्लॉपनंतर स्लॉट वाढलेल्या ताटावर बसला, दुसऱ्या वर्षी उघडा पडला. लाडका मॅनेजर गेला की पुढची दहा वर्षं विसरा." आणि खाली, आशा लावून बसलेल्यांसाठी, हात जोडल्याची इमोजी. (फर्ग्युसन मँचेस्टर युनायटेडचा मॅनेजर, वेंगर आर्सेनलचा; लिव्हरपूलमध्ये क्लॉपच्या जागी स्लॉट आला.) मुद्दे एकेक करून घेऊ.

"फर्ग्युसन गेला, युनायटेड संपलं."

घसरण खरी आहे, कारण चुकीचं आहे. 2012-13 मध्ये 89 पॉइंट घेऊन इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकलेली टीम जरा जवळून बघा. फर्डिनंड 34, एव्हरा 32, विडिच 31, गिग्ज 39, स्कोल्स निवृत्त, आणि 26 गोल मारणारा व्हॅन पर्सी तिशीच्या उंबरठ्यावर. गाडी शर्यत जिंकली होती, पण चारही टायर गुळगुळीत झाले होते. त्यात खरेदी-विक्री सांभाळणारा डेव्हिड गिलही त्याच उन्हाळ्यात बाहेर पडला. फर्ग्युसनने 8 मे ला निवृत्ती जाहीर केली, 9 मे ला नवा मॅनेजर म्हणून मॉयीसचं नाव आलं. त्या उन्हाळ्यातली मोठी खरेदी एकच, तीही खरेदीची मुदत संपता संपता: फेलायनी, 2.75 कोटी पौंड. सीझन संपला तेव्हा टीम 64 पॉइंटवर सातवी होती, आणि मॉयीस एप्रिलमध्येच घरी गेला होता. ही टीम खुद्द फर्ग्युसनलाही निम्मी बदलावी लागली असती.

"वेंगर गेला, आर्सेनल संपलं."

वेंगरच्या शेवटच्या सीझनला 63 पॉइंट, सहावा नंबर. त्याच्या जागी आलेल्या एमरीच्या पहिल्या सीझनला 70, पाचवा. पुढे आर्टेटाच्या हाताखाली 2023-24 मध्ये 89. संपणं याला म्हणत असतील तर बऱ्याच क्लबांना संपायला आवडेल.

"स्लॉट वाढलेल्या ताटावर बसला."

बसलाच. आशा ठेवायला कारण होतं ते हेच! ताट वाढलेलं आहे की खरकटं, एवढंच तर बघायचं असतं. क्लॉपने आपण जाणार हे लिव्हरपूलच्या मालकांना नोव्हेंबर 2023 मध्ये सांगितलं आणि जगाला 26 जानेवारी 2024 ला. मार्चमध्ये पूर्वी खरेदी-विक्री सांभाळणारा मायकेल एडवर्ड्स परत आला, रिचर्ड ह्यूजची स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणून नेमणूक झाली, आणि मग मॅनेजर शोधला गेला. युनायटेडमध्ये निवृत्तीची घोषणा आणि नवं नाव यांत एकच दिवस गेला, इथे काही महिने.

शिवाय ताट वाढलेलं असलं तरी जेवावं लागतंच. मिडफिल्डर ग्राव्हनबर्खचं उदाहरण घ्या. क्लॉपच्या शेवटच्या सीझनमध्ये लीगचे 12 सामने त्याने सुरुवातीपासून खेळले. 2024 च्या उन्हाळ्यात मिडफिल्डर सुबिमेंदीने यायला नकार दिला, तेव्हा स्लॉटने बाजारात त्या जागेसाठी दुसरा कुणी शोधला नाही. ग्राव्हनबर्खलाच डिफेन्सच्या पुढ्यात आणला, कारण पाठीवर माणूस असताना अर्ध्या वळणावर बॉल घेऊन सुटायची कला त्याच्याकडे आधीपासून होती. त्या सीझनला 37 सामने सुरुवातीपासून, 84 पॉइंट आणि लीग. नवा माणूस म्हणून सीनियर टीमला मिळाला तो फक्त किएसा.

क्लॉपच्या बाबतीत तर हा फॉरवर्ड आणखीनच पडतो. 2008 मध्ये त्याने जर्मनीतलं माइन्झ सोडलं तेव्हा टीमचं वरच्या लीगमधलं प्रमोशन हुकलं होतं. पुढच्याच सीझनला ती वर चढली. 2015 मध्ये डॉर्टमुंड सोडलं तेव्हा 46 पॉइंट, सातवा नंबर. त्याच्या जागी आलेल्या टुखेलने लगेच 78 पॉइंट घेऊन दुसरा नंबर काढला. 2024 मध्ये लिव्हरपूल तिसरं, 2025 मध्ये चॅम्पियन. तीन क्लब, तिन्ही ठिकाणी पुढचं वर्ष वरचं. म्हणून क्लॉप अडसर होता असं कुणी काढू नये. दमलोय हे ओळखून तो वेळेत उठतो आणि पळू शकणारी माणसं मागे ठेवून जातो.

"दुसऱ्या वर्षी उघडा पडला."

2025 च्या शरदात लिव्हरपूल 12 पैकी 9 सामने हरलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण लीग जिंकली तेव्हाही मॅनेजर स्लॉटच होता, हरले तेव्हाही तोच. बदलली ती टीम. ट्रेंट, डियाझ, नुन्येझ गेले. जोटा जुलैमध्ये अपघातात वारला. त्याचा हिशोब पॉइंटांत करणं बरं नव्हे. दोन्ही फुलबॅक नवे, केर्केझ आणि फ्रिम्पाँग, म्हणजे मागून बॉल बाहेर काढायचे पाठ झालेले रस्तेच मोडले. 12.5 कोटी पौंडांचा इसाक प्री-सीझन न करता आला. टीमच बिघडली तर क्लॉपचीही तीच गत होते: 2022-23 मध्ये मिडफिल्ड म्हातारं झालं तेव्हा त्याच्याच हाताखाली 67 पॉइंट, पाचवा नंबर.

गंमत म्हणजे फॉरवर्डच्या बाजूने जाईल असं वाटणारं उदाहरण बालेवाडीत होतं, ते मात्र कुणी देत नाही. मॅनेजर रांको पोपोविचने 2017-18 मध्ये इंडियन सुपर लीगमधल्या एफसी पुणे सिटीला पहिल्यांदा सेमीफायनलला नेलं आणि तो गेला. पुढच्या सीझनला मिगेल पोर्तुगाल, मग हंगामी प्रद्युम रेड्डी, मग फिल ब्राउन. सातवा नंबर. 2019 मध्ये पैशाअभावी क्लबच उठला आणि लीगमधली जागा हैदराबादला गेली. पोपोविच थांबला असता तर थकलेली बिलं त्याने भरली असती का?

तेव्हा पुढचा लाडका मॅनेजर जाईल त्या दिवशी आधी टीमची वयं आणि काँट्रॅक्टच्या तारखा काढा, मग खरेदी कोण करतंय ते बघा. पहिल्या दहा सामन्यांत टेबलापेक्षा चान्स किती तयार होतायत आणि किती दिले जातायत ते मोजा. 14 सप्टेंबर 2024, शनिवार, इथले रात्रीचे साडेनऊच्या सुमारास संपलेला स्लॉटचा लीगमधला चौथा सामना: घरच्या ॲनफिल्डवर नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून 0-1. त्या रात्रीही असाच फॉरवर्ड आला होता. लीगमधला पुढचा पराभव झाला 26 सामन्यांनंतर, 6 एप्रिलला, फुलहॅमकडून.