ठाणे-वाशी लोकलमध्ये मावेल अशी दिवाळी

दिवाळीत ऑफिसातल्या माणसांना काय द्यावं, हा प्रश्न वसुबारसेच्या चार दिवस आधी पडतो आणि त्याची तयार उत्तरं कुणाकडेच नसतात. आपल्याकडे आहेत. पहिली अट अशी की समोरच्याला काय आवडेल याचा विचार करायचा नाही. पलीकडच्या डेस्कवरच्या माणसाला आपण आठ वर्षं 'तो कळव्याचा' एवढंच ओळखतो. त्याची आवडनिवड कळायला तुम्ही काय त्याचे मेहुणे आहात?

विचार करायचाच तर वजनाचा करा. संध्याकाळी साडेसहाला घणसोलीला ठाण्याची लोकल पकडणाऱ्याच्या पाठीवर लॅपटॉप असतो, एका हातात जेवणाचा डबा आणि दुसरा हात दांडीसाठी राखीव. तुमची भेट तिसऱ्या हातात धरायची असते. तेव्हा काचसामान देऊ नका. मला एकदा सहा ग्लासांचा सेट मिळाला होता. ठाण्याला उतरलो तेव्हा तो चारांचा झाला होता. तेव्हापासून आमच्याकडे चारच्या वर पाहुणे बोलावत नाहीत.

सुकामेवा हलका आणि प्रतिष्ठित. त्यासाठी वाशीच्या एपीएमसीतलं मसाला मार्केट गाठा, घाऊक भावाने आणा आणि जांभळी नाक्यावरून चार खणांचे सोनेरी डबे घ्या. डबा निवडताना बोट घालून बघा: तळाचा पुठ्ठा जितका वर, तितका डबा चांगला. एका खणात मनुका, अगदी सढळ हाताने. दुसऱ्यात काजू, तुकडा चालेल, पण वरच्या थराला अख्खे लावा. तिसऱ्यात बदाम, मोजून अकरा. हा आकडा मी मनाने सांगत नाही, मला मिळालेल्या डब्यात तेवढेच होते. चौथ्या खणात पुन्हा मनुका.

किमतीच्या लेबलाबद्दल लोक उगाच लाजतात आणि नखाने खरवडत बसतात. मग अर्धं लेबल निघतं, अर्ध्याचा चिकट काळा डाग होतो आणि नेमका शेवटचा आकडा शाबूत राहतो. त्यापेक्षा १,४९९ छापलेलं लेबल तसंच राहू द्या. वर ४९९ चा स्टिकर असतो ना, तेवढा काढा. हेअर ड्रायरची ऊब दिली की अलगद सुटतो.

आलेली भेट पुढे सरकवणं हा गुन्हा नाही. सोनपापडीवरचे विनोद आता खुद्द सोनपापडीपेक्षा शिळे झाले आहेत, तेव्हा ते सोडा. फक्त तारीख बघा. १ ऑक्टोबर २०२० पासून दुकानातल्या सुट्या मिठाईलाही 'बेस्ट बिफोर' सक्तीचं झालं, तेव्हापासून लोक डबा हातात घेतल्यावर आधी तळ बघतात. आणि नुसता वरचा कागद बदलून भागत नाही, आतही डोकवा. मला एका दिवाळीत सुंदर स्टीलची बरणी मिळाली. झाकणाच्या आतल्या बाजूला कोरलं होतं: 'सत्यनारायणाच्या पूजेस आल्याबद्दल आभार'. आमच्या ऑफिसात कुणाकडे पूजा झाल्याचं ऐकिवात नव्हतं. निदान मला तरी बोलावणं नव्हतं.

साहेबांची भेट वर्गणीतून. त्यासाठी साहेबांना वगळून नवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढतात. तो ग्रुप काढणारे तुम्ही नसाल, एवढीच काळजी घ्या. माणशी १५१ ठरतात, चौदा जण 'डन' लिहितात, नऊ जणांचे पैसे येतात. उरलेल्यांचे ज्याच्या खिशातून जातात, तोच नंतर साहेबांसोबतच्या फोटोत काठावर अर्धा कापला जातो.

डिसेंबरात सिक्रेट सांता येतो. त्याला कॉफीचा मग द्या. सगळे मगच देतात.

आता कंपनीच्या डब्याबद्दल. तो लहान झाला म्हणून कुरकुर करू नका. बोनसच्या कायद्याने किमान ८.३३ टक्के बोनस ठरवला, २०१५ च्या दुरुस्तीने त्यासाठीची पगाराची मर्यादा महिना २१ हजारांवर नेली. त्याहून जास्त कमावणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी कायद्याने काहीच ठरवलं नाही, म्हणून एचआरने डबा ठरवला. हे डबे सामानाच्या लिफ्टमधून वर आणतात हाउसकीपिंगच्या मावशी. नावांची यादी घेऊन डेस्कोडेस्की ठेवतातही त्याच. यादीत त्यांचं नाव नसतं, कारण त्या ठेकेदाराच्या रोलवर. पगार २१ हजारांच्या चांगलाच आत, म्हणजे बोनसवर हक्क त्यांचा. पण तो ठेकेदाराला विचारा असं एचआर सांगतं, आणि ऑक्टोबरात ठेकेदाराचा फोन लागत नाही.

तेव्हा मावशींना काय द्यावं? हे सगळ्यात सोपं. आपल्याला जे नको असेल ते. 'घ्या हो मावशी, घरात कुणी गोड खात नाही,' असं म्हणायचं. त्या घेतात आणि वर 'शुगर झाली का हो?' असं काळजीने विचारतात.

गेल्या दिवाळीत मात्र मावशींनी आमची पंचाईत केली. भाऊबीजेनंतरच्या पहिल्या दिवशी दिघ्याहून येताना त्यांनी स्टीलचा मोठा डबा भरून करंज्या आणल्या आणि पॅन्ट्रीत ठेवल्या. ओल्या नारळाच्या, वर मुरड घातलेल्या. रात्री जागून केल्या असणार, पण विचारलं कुणी नाही. अकरा वाजेपर्यंत डबा रिकामा. कळव्याच्याने चार खाल्ल्या. त्याला गोड आवडतं, हे मला त्या दिवशी कळलं.

दुपारी डबा विसळून ठेवताना कुणीतरी म्हणालं, अरे, रिकामा डबा परत देऊ नये. हे सगळ्यांनाच लहानपणापासून ठाऊक. लगोलग आम्ही चौघांनी आपापले ड्रॉवर उघडले. बदाम मी आधीच घरी नेले होते. काजूचंही इतरांनी तेच केलं असावं.

संध्याकाळी मावशी डबा घेऊन निघाल्या तेव्हा तो मनुकांनी काठोकाठ भरलेला होता.