वयात आलेल्या मुलीची मान कशी घासावी

परवा घरी आलेल्या एका काकूंनी माझ्या भाचीची मान चारचौघांत धरली आणि म्हणाल्या, "अंघोळ नीट करत जा गं." तुमच्याही घरी वयात आलेली मुलगी असेल, तर मागे राहू नका. पीसीओडी, म्हणजे बीजांडकोशाचं आणि हार्मोनचं गणित बिघडून पाळी चुकण्याचा त्रास, यावर थोडं मार्गदर्शन करते.

वजनावरून रोज टोमणा मारा. त्यानेच वजन उतरतं.

बारीक मुलींना हा त्रास होतच नाही, तेव्हा त्यांची पाळी चुकली तर नुसतं "टेन्शन घेऊ नकोस" म्हणा.

मानेमागे, काखेत काळपट जाडसर पट्टा दिसला, की घासणी घ्या आणि खसाखसा घासा. निघाला नाही, म्हणजे पोरगी आळशी हे सिद्धच झालं. शरीर इन्शुलिनला दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडतं, ते वाढलं की कातडी तिथे जाड आणि काळी होते, असलं काही ऐकू नका. तेच इन्शुलिन बीजांडकोशाला पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं आणि त्या हार्मोनला रक्तात बांधून ठेवणारं यकृतातलं प्रथिन कमी करतं. मग हनुवटीवर राठ केस, न हटणारी मुरमं, पाळीचा पत्ता नाही. अहो, शरीर मानेवर लिहून दाखवतंय आणि तुम्ही ते खोडायला निघालात! कातडी सोलवटेपर्यंत!

असो. पहिली पाळी येऊन वर्ष होत नाही तोच सोनोग्राफी करा आणि 'पीसीओडी' असा शिक्का मारून नातेवाईकांना कळवा. या वयात बीजांडकोशात बारीक पुटिका खूप दिसणं नेहमीचं असतं, म्हणून पहिल्या पाळीनंतर 8 वर्षं निदानासाठी सोनोग्राफी नको, असं 2023 ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. सांगू द्या. तुमच्याकडे शेजारणीच्या सुनेचा अनुभव आहे.

"लग्नानंतर होतं सगळं ठीक" हे विसरू नका.

चार महिने पाळी नाही? बरंच झालं, परीक्षेत कटकट नको.

नाही, बरं नाही झालं! बीज सुटत नाही, अस्तराला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही, गर्भाशयाचं अस्तर साचत जातं आणि मग रक्तस्राव सुरू झाला की थांबता थांबत नाही. पहिलं वर्ष उलटल्यावर एकदा जरी 90 दिवसांत पाळी आली नाही, तरी डॉक्टरांकडे न्यायचं. साखर, रक्तदाब, हार्मोन तपासून घ्यायचे. रात्री तिला झोपू द्यायचं, आणि व्यायाम तिच्या एकटीवर न लादता अख्ख्या घराने चालायला लागायचं. एवढंही जमत नसेल तर निदान तिच्या अंगाला हात लावू नका आणि चारचौघांत तोंड उघडू नका.