"वर्कर्स कॉम्प सगळ्यात सोपं": या मेसेजमध्ये काय चुकतंय

हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत, अमेरिकेचं मेडिकल बिलिंग करणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: "वर्कर्स कॉम्प सगळ्यात सोपं. कोपे नाही, डिडक्टिबल नाही, एलिजिबिलिटी बघायची नाही. तीस दिवसांत पैसे नाही आले तर बिल परत पाठव. कमी आले तर राइट-ऑफ. नव्वद दिवसांनी पेशंटला स्टेटमेंट."

वर्कर्स कॉम्प म्हणजे कामावर झालेल्या इजेचा विमा; उपचारांचा खर्च मालकाच्या किंवा त्याच्या विमा कंपनीच्या अंगावर. त्यामुळे कोपे आणि डिडक्टिबल, म्हणजे पेशंटने खिशातून भरायचा वाटा, नसतो, एवढं खरं. बाकीचं तपासू. नियम राज्यागणिक बदलतात, म्हणून इथे कॅलिफोर्निया धरलंय.

"एलिजिबिलिटी बघायची नाही." म्हणजे विमा लागू आहे की नाही, हे पोर्टलवर नाही, पण फोनवर बघावंच लागतं. क्लेम नंबर, इजेची तारीख, ॲडजस्टरचं (क्लेम हाताळणाऱ्याचं) नाव, बिलाचा पत्ता आणि शरीराचा कोणता भाग मान्य झालाय, हे सगळं आधी हवं. खांदा मान्य आणि बिल गुडघ्याचं, तर ते अडकलंच. सीएमएस-1500 या बिलाच्या फॉर्मवर रकाना 10ए (इजा कामाशी संबंधित आहे का?) मध्ये 'येस', 11 मध्ये क्लेम नंबर, 14 मध्ये इजेची तारीख. रकाना 4 मध्ये हात सवयीने पेशंटचं नाव टाकतो. तिथे मालकाचं, म्हणजे कंपनीचं नाव जातं.

"तीस दिवसांनी परत पाठव." कागदी बिलाची मुदत 45 दिवस, सरकारी मालक असेल तर 60, इलेक्ट्रॉनिक बिलाची 15 कामाचे दिवस. पण ही मुदत बिलासोबत लागणारा रिपोर्ट पोचल्यापासून मोजतात. फॉलोअप व्हिजिटचा पीआर-2 (प्रगतीचा रिपोर्ट) जोडला नसेल तर घड्याळ सुरूच झालेलं नाही, मग तेच बिल चारदा पाठवलं तरी उपयोग नाही. सगळं नीट पोचूनही, वाद नसलेली रक्कम उशिरा आली, तर 15 टक्के वाढ आणि व्याज देय असतं. ते फारसं कुणी मागतच नाही.

"कमी आले तर राइट-ऑफ." म्हणजे बाकीची रक्कम सोडून द्यायची. सगळ्यात जास्त पैसा इथे जातो. फी शेड्यूल (दरपत्रक) ठरलेलं असतं हे बरोबर, पण ते लावणारा चुकतो: मॉडिफायर (कोडला जोडायची खूण) सुटतो, युनिट कापली जातात. ईओआर, म्हणजे किती दिलं आणि का कापलं हे सांगणारा कागद, मिळाल्यापासून 90 दिवसांत सेकंड रिव्ह्यू (फेरतपासणी) मागायचा. तो सीएमएस-1500 वरच मागता येतो: रकाना 10डी मध्ये 'बीजीडब्ल्यू3', 22 मध्ये कोड 7. हा कोड नसला की समोरचा ते बिल डुप्लिकेट म्हणून बाजूला टाकतो. तुमच्या नोट्समध्ये "रीसबमिटेड" दिसत राहतं आणि 90 दिवस संपतात. त्यानंतर कायद्याच्या दृष्टीने बिल फिटलेलं असतं. उरलेली रक्कम मालकाकडूनही मिळत नाही, पेशंटकडूनही नाही. रिव्ह्यू मागितला तर 14 दिवसांत उत्तर येणं बंधनकारक आहे. ते पटलं नाही तर 30 दिवसांत आयबीआर (स्वतंत्र बिल तपासणी). आयबीआर फक्त रकमेच्या वादासाठी असतो. "ही इजा आमची नाहीच" हा वाद असेल तर रस्ता लीनचा, म्हणजे क्लेमवर आपल्या रकमेचा हक्क नोंदवण्याचा.

"पेशंटला स्टेटमेंट." लेबर कोड 3751 वाचा. कामगाराने क्लेम फॉर्म भरलाय आणि क्लेम चालू आहे हे डॉक्टरला माहीत असेल, तर जबाबदारी नाकारल्याची लेखी सूचना हातात येईपर्यंत त्याच्याकडून पैसे घेता येत नाहीत. घेतले तर तिप्पट रक्कम आणि वकिलाचा खर्च डॉक्टरच्या अंगावर. पेशंटच्या हेल्थ इन्शुरन्सवर टाकायचं म्हणाल, तर 10ए मधला 'येस' बघून बिल परत येतं. तिथे 'नो' करून पाठवणं ही सरळसरळ खोटी माहिती.

आता तो नव्वदचा आकडा. क्लेम फॉर्म भरल्यावर निर्णय होईपर्यंत मालकाला 10,000 डॉलरपर्यंतचे उपचार मंजूर करावे लागतात. फॉर्म भरल्यापासून 90 दिवसांत क्लेम नाकारला नाही, तर बहुतेक इजांमध्ये तो देय असल्याचं कायदा गृहीत धरतो. म्हणजे मेसेज ज्या सुमाराला पेशंटच्या मागे लागायला सांगतो, त्याच सुमाराला बिलाची बाजू भक्कम झालेली असू शकते. म्हणून ॲडजस्टरला पुढच्या कॉलवर एवढंच विचारा: डीडब्ल्यूसी-1, म्हणजे तो क्लेम फॉर्म, कोणत्या तारखेला भरला, आणि नकाराचं पत्र निघालंय का?