‘शेतकरी वाचत नाही’ असं म्हणणाऱ्यांना उत्तर

खरीप जवळ आला की कृषी केंद्रवाल्यांच्या आणि कंपनी प्रतिनिधींच्या ग्रुपवर, फवारणीच्या औषधांची आणि खत-बियाण्यांची पत्रकं कशी लिहावीत यावर एक मजकूर फिरायला लागतो. त्याचा सल्ला थोडक्यात असा: शेतकरी वाचत नाही, म्हणून फोटो मोठा आणि मजकूर कमी ठेवा. शास्त्रीय शब्द टाका, वजन येतं. आकडे-अटी लिहू नका, गिऱ्हाईक बिचकतं. दावा मोठा करा. सूचना कायद्यापुरत्या मागे छापा. आणि आपलेपणासाठी चार शब्द वऱ्हाडीत घाला. विदर्भातल्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यासाठी माहितीपत्रकं लिहिणं हेच माझं काम आहे, आणि हा सल्ला मला धोकादायक वाटतो.

‘वाचत नाही’ हेच आधी तपासू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातलं साक्षरतेचं प्रमाण ८२ टक्क्यांच्या वर होतं. शेतकरी सातबारा वाचतो, पीक विम्याची पावती वाचतो, बाजार समितीचे भाव वाचतो, सोयाबीनच्या थैलीवरची उगवणक्षमता बघतो. तो वाचत नाही ते आपलं पत्रक. कारण अर्धं पान कंपनीच्या वाटचालीत जातं आणि ‘फवारणीच्या एका पंपाला औषध किती?’ हा त्याचा प्रश्न शेवटच्या तक्त्यात दडलेला असतो. शिवाय औषध घेणारा एक आणि फवारणारा दुसरा. पत्रक मालकाच्या घरी राहतं, बाटली वावरात जाते, पंप सालदाराच्या, म्हणजे सालभरासाठी ठेवलेल्या गड्याच्या पाठीवर असतो. म्हणून मात्रा सगळ्यात वर हवी, आणि वाक्यं अशी हवीत की शाळेतल्या पोरीने मोठ्याने वाचून दाखवली तरी ऐकणाऱ्याला काम कळावं.

शास्त्रीय शब्दांनी वजन येतं म्हणे. ‘प्रादुर्भाव आर्थिक नुकसानीच्या पातळीवर पोहोचताच नियंत्रणाचे उपाय योजावेत.’ वाक्य चुकीचं नाही, पण ते वाचून सकाळी पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या पिकात जाऊन नेमकं काय करायचं हे कळत नाही. गुलाबी बोंडअळीची शिफारस मुळात मोजण्यासारखी आहे: हेक्टरी ५ कामगंध सापळे (वासाने पतंग ओढणारे) लावा, सलग ३ रात्री दर सापळ्यात ८ ते १० पतंग अडकले की फवारणीची वेळ आली. किंवा २० हिरवी बोंडं फोडा, २ बोंडांत अळी दिसली म्हणजे १० टक्के प्रादुर्भाव झाला, फवारणीची वेळ आली. एवढंच लिहा. एक शास्त्रीय नाव मात्र कधीच गाळू नका, ते म्हणजे औषधातल्या मूळ घटकाचं. ते ठळक नसेल तर एकच घटक दोन कंपन्यांच्या नावांनी विकत घेतला जातो आणि एकाच पंपात ओतला जातो.

आकडे नकोत, हा मुद्दा मला सगळ्यात चुकीचा वाटतो. आकडे हवेतच, फक्त गणित आपण करून द्यायचं. समजा शिफारस हेक्टरी ५०० मिली, ५०० लिटर पाण्यातून अशी आहे. इकडे हिशेब चालतो एकराचा आणि पंपाचा. हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर. म्हणजे एकरी २०० मिली, २०० लिटर पाणी, १५ लिटरच्या पंपाला १५ मिली आणि एकराला तेराएक पंप. आता पीक लहान असताना एकर आठच पंपांत आटोपतो. पंपामागे १५ मिली धरणारा एकरी १२० मिलीच टाकतो. ‘एकरी २००’ एवढंच लक्षात ठेवणारा एका पंपात २५ मिली ओततो. दोघांनीही पत्रक वाचलेलं असतं! मात्रा पंपाची पाळायची की एकराची, हे पत्रकानेच एका ओळीत सांगायला हवं. पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाला पाणी कमी लागतं, त्यामुळे साध्या पंपाची मात्रा त्याला तशीच चालत नाही. त्याची ओळ वेगळी द्या. ‘झाकणभर’ लिहूच नका, झाकणं प्रत्येक बाटलीची वेगळी असतात.

मोठ्या दाव्यांबद्दल थोडक्यात. कीटकनाशक नियम, १९७१ नुसार लेबलवर ‘सुरक्षित’, ‘बिनविषारी’ असले शब्द टाकता येत नाहीत, ‘सूचनेप्रमाणे वापरल्यास’ अशी पुस्ती जोडूनही नाही. खत-बियाण्याच्या पत्रकातही ‘भरघोस वाढ’ लिहिण्यापेक्षा जमीन कोणती, कोरडवाहू की ओलिताची, शेजारच्या न वापरलेल्या पट्ट्यात किती पिकलं, ते लिहा. गिऱ्हाईक त्यावर प्रश्न विचारतं, आणि तिथूनच बोलणं सुरू होतं.

सूचना मागे, बारीक अक्षरात? २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. कारणं अनेक होती: माणसाच्या उंचीला आलेली पऱ्हाटी, अंगावर संरक्षक कपडे नाहीत, औषधांची मिसळ. सगळं खापर मजकुरावर फोडणं बरोबर नाही. पण त्यानंतरही ‘योग्य ती खबरदारी घ्यावी’ असं लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. कोणती खबरदारी ते लिहा: वारा तोंडावर येत असेल तर त्या दिशेने फवारू नका. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका. कपडे भिजले की लगेच काढा, अंग साबणाने धुवा. दवाखान्यात जाताना लेबल सोबत न्या. डब्यावरच्या रंगांचा क्रमही शब्दांत द्या: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे कमी विषारी, बिनविषारी नव्हे.

वऱ्हाडीचं म्हणाल तर मथळ्यात खुशाल वापरा. पण तेच पत्रक भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात गेलं तर तिथे झाडीबोली आहे. मात्रा आणि सूचना साध्या मराठीतच असू द्या.

आणि छापण्याआधी मजकूर फवारणी करणाऱ्याच्याच हातात द्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. ‘समजलं का?’ विचारू नका, उत्तर ‘हो’च येतं. पंपात किती टाकाल, कधी फवाराल, डोळ्यात उडालं तर काय कराल, हे विचारा. उत्तर चुकलं तर ती ओळ पुन्हा लिहा.