नखभर काळजी

नागपुरात राहून नखं कशाला पाहून राहिले? सकाळी तर्री-पोहे, रविवारी सावजी. नखाच्या पिवळेपणाचं खापर फोडायला इतकी सोय दुसऱ्या कुठल्या शहरात आहे? बुरशीने नख जाड होऊन त्याचा भुगा पडायला लागला, तरी म्हणा, कालची तर्री जरा जास्तच झाली.

काळजी करायचीच असेल तर पांढऱ्या ठिपक्यांची करा. लहानपणी बगळ्यांची रांग दिसली की आपण नखं घासून हीच फुलं मागायचो. आता तीच आली की धंतोलीत उतरून कॅल्शियमची बाटली घेतो. बहुतेकदा नखाच्या मुळाशी कधीतरी लागलेला हलका मार, एवढंच असतं ते. पण झालेल्या माराला गोळी मिळत नाही ना बाप्पा!

आडवी खाच दिसली तर मात्र घासून सपाट करा. बो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८४६ मध्ये हिचं वर्णन केलं: मोठ्या आजारात नखाची वाढ थबकते, तिथे खाच पडते. नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर सरकतं. म्हणजे ऑगस्टमधला डेंग्यू दिवाळीत बोटावर वाचता येतो, अन् तुम्ही तर 'नुसती कणकण होती' म्हणून ड्युटीवर गेलेले.

बोटांची टोकं फुगून नखं पोपटाच्या चोचीसारखी वाकली असतील, तर दोन तर्जनींची नखं पाठीला पाठ लावून अजिबात बघू नका. मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराची फट दिसायला हवी. ही खूण लिओ शॅमरॉथ या दक्षिण आफ्रिकी हृदयरोगतज्ज्ञाला स्वतःच्या आजारपणात, स्वतःच्याच बोटांवर सापडली. फट बुजलेली निघाली तर छातीचा एक्स-रे, हृदयाची तपासणी, नसती कटकट. त्यापेक्षा शंकरपाळे खा.

आता घरातलं. भांडी घासून झाल्यावर बायकोच्या अनामिकेकडे बघा. नख मध्ये दबलेलं, कडा वर आलेल्या, पाण्याचा थेंब त्यात तसाच बसलेला, ओघळतच नाही. अंगातलं लोह घटलं की नख असं चमच्यासारखं खोलगट होऊ शकतं. पण तिला सांगू नका. रक्त तपासलं की हिमोग्लोबिन कळेल, मग दुसऱ्या मजल्यावर येताना ती मध्येच कठडा धरून का उभी राहते, तेही कळेल. बर्डीवर गेलात की नेलपॉलिश घेऊन या. गडद लाल घ्या, फिक्यातून खालचा पांढुरकेपणा दिसतो.