आउटस्टँडिंग

सोमवारी सकाळी दूध आणायला खाली उतरलो, तर नोटीस बोर्डावर माझं नाव. वर ठळक अक्षरांत 'लिस्ट ऑफ आउटस्टँडिंग मेंबर्स'. टँकरची वर्गणी 340 रुपये मी यूपीआयनं केव्हाच भरली होती; फक्त फ्लॅट नंबर टाकायला विसरलो. सोसायटीच्या उपविधींत व्याज 21 टक्क्यांपर्यंत लावता येतं म्हटल्यावर आमची कमिटी 20 वर कशाला थांबेल? दोन महिन्यांचे 11 रुपये 90 पैसे. नव्वद पैसे!

"अभिनंदन हो!" मागे अप्पा उभे. "84 फ्लॅटांतून तिघांचीच निवड!"

"अप्पा, ही थकबाकीची यादी आहे."

"असू दे की. शब्द काय लिहिलाय?"

"आउटस्टँडिंग."

"मग! अहो, पाटबंधाऱ्यात 32 वर्षं घासली मी. दरवर्षी गोपनीय अहवाल. साहेबांच्या घरी हापूसच्या पेट्या पोचवल्या, तरी शेरा काय? 'ब प्लस, निश्चित चांगला.' निश्चित चांगला म्हणजे काय हो? पोहे आहेत का मी? आणि तुम्ही 340 रुपयांत आउटस्टँडिंग!"

चेष्टा करत होते म्हणावं, तर चेहऱ्यावर खरोखरचा हेवा. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या काकू होत्या. अप्पांनी त्यांनाही सांगितलं, "यांचं नाव लागलंय बोर्डावर."

"पाहिलं," काकू म्हणाल्या. त्या 'पाहिलं'वर वेगळं व्याज होतं.

घरी येऊन इंग्रजी कोश काढला. (ऑफिसला उशीर झाला, तोही खर्च कमिटीच्या नावावर.) मुळात अर्थ बाहेर, पुढे आलेलं, मग ते गुण असोत की उधारी. पण न फिटलेल्या पैशांचा अर्थ कौतुकाच्या अर्थाहून जुना! आपली 'थकबाकी' माणुसकीची. आपलं येणं थकतं, म्हणजे कधीतरी खाली बसत असेल. इंग्रजांचं बाहेर उभंच.

खरा राग वेगळाच आहे. 602 वाल्याचे 86 हजार थकलेत, पण यादी फ्लॅट नंबरप्रमाणे, म्हणून 103 वाला मी सगळ्यात वर आणि तो तळाशी, कुंडीमागे. त्याला कुणी हटकत नाही. त्याची गाडी मोठी आहे. मी खजिनदारांना स्क्रीनशॉट तीनदा पाठवला. उत्तर एकच, "सर, एंट्री दिसत नाही." माझ्या खात्यातून गेलेले पैसे मला दिसतात, त्यांच्या खात्यात आलेले त्यांना दिसत नाहीत, आणि चोर कोण? मी.

शेवटी गुरुवारी वैतागून पुन्हा भरले, व्याजासकट. 352 दिले. दहा पैसे पुढच्या बिलात वळते करू म्हणाले.

आज सकाळी नवी यादी लागली. अप्पा चष्मा पुसून पुसून बघत होते.

"तुमचं नाव काढलं हो! काय झालं?"

"पैसे भरले."

"अरेरे," अप्पा म्हणाले, आणि कुंडी जरा बाजूला सरकवली. "602 बघा. टिकवून आहे."